ई-पुस्तकाचे दोनशे नव्याण्णव रुपये कशाचे?

मागच्या अंकात मी विचारलं होतं, की एकच पुस्तक छापील आणि ई-पुस्तक अशा दोन्ही रूपांत मिळत असेल तर तुम्ही कुठल्याला किती पैसे मोजाल? उत्तरं थोडी आली, उलटे प्रश्नच जास्त आले, आणि त्यातले बरेच रागाचे. मला बरं वाटलं. किमतीवरून भांडतो तो वाचक निदान विकत घेण्याच्या विचारात असतो.

सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते: मी पुण्यातल्या एका लहान प्रकाशन संस्थेत निर्मितीचं काम बघते. कागद ठरवायचा, प्रेसवाल्यांशी हुज्जत घालायची, प्रुफं फिरवायची आणि शेवटी मालकांसमोर बसून पुस्तकाची किंमत ठरवायची. तेव्हा मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

ताई, एक नवी कादंबरी ऑनलाइन बघितली. छापील ३२० रुपये, ई-पुस्तक २९९ रुपये. कागद नाही, शाई नाही, बाइंडिंग नाही, टपाल नाही. मग हे २९९ कशाचे? हवेचे? मी फार तर शंभर देईन.
– एक शिक्षक, बार्शी

सर, तुमचा शंभराचा आकडा मला चिक्कूपणाचा अजिबात वाटत नाही. फक्त ‘कागद नाही’ या कारणाने तुम्ही तिथवर पोहोचणार नाही. हिशेब मांडते, म्हणजे कळेल.

डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं २२४ पानांचं पुस्तक धरा. सोळा पानांचा एक फॉर्म, असे चौदा फॉर्म. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशेची निघायची, आता आमच्यासारखे तीनशे-पाचशेवर थांबतात. पाचशे धरू. कागद, छपाई, कव्हर, बाइंडिंग मिळून प्रतीमागे ८५ रुपयांच्या आसपास जातात. डीटीपी (संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणं), प्रुफं, संपादन आणि मुखपृष्ठाचं चित्र यांचे पंचवीसेक हजार होतात; ते पाचशे प्रतींवर वाटले की प्रतीला ५०. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ३२. आणि सगळ्यांत मोठा घास वितरक-विक्रेत्याचा: चाळीस टक्के कमिशन, १२८ रुपये. बेरीज झाली २९५. उरलेल्या २५ रुपयांत गोदामाचं भाडं, परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रती आणि न खपलेले गठ्ठे. आकडे आमच्याकडचे आणि मोघम आहेत. दुसऱ्या प्रकाशकाकडे पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील, पण चित्र फारसं बदलणार नाही.

आता यातून कागद-छपाईचे ८५ काढून टाका. पुस्तक २३५ वर येतं, शंभरावर नाही. तुम्ही म्हणाल, दुकानाचे १२८ पण वाचले ना? ते वाचत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जागी ऑनलाइन दुकान येतं, एवढंच.

ज्या लहान प्रकाशकाचा मोठ्या दुकानाशी वेगळा करार नाही, तो बहुधा अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या, कुणालाही स्वतःचं ई-पुस्तक विकायला ठेवता येणाऱ्या सेवेतून ई-पुस्तक लावतो. तिथे दोन दर आहेत. प्रकाशकाला ७० टक्के, नाहीतर ३५ टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने डिजिटल रूपात फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं. दुसऱ्या अ‍ॅपवर नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. ज्याला चार ठिकाणी विकायचंय त्याच्या वाट्याला ३५ येतात. आता तुमचे २९९ घ्या. त्यात पाच टक्के जीएसटी आहे, तो गेला की २८५ राहतात. त्यातले ३५ टक्के म्हणजे शंभराला थोडे कमी. ई-पुस्तकात हाती आलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आम्ही लेखकाला देतो. तो दिला की प्रकाशकाकडे राहतात पंच्याहत्तर. आणि छापील प्रतीतून किती राहत होते? वर बघा, तयारीचे ५० आणि उरलेले २५. पंच्याहत्तरच.

तेव्हा २९९ हे हवेचे नाहीत. छापील प्रतीइतकेच पैसे पदरात पडावेत म्हणून कुणीतरी शेवटापासून सुरुवातीकडे हिशेब करत तो आकडा गाठला असणार. आमच्या टेबलावर हा हिशेब अनेकदा झालाय.

माझं म्हणणं असं, की गणित बरोबर आणि किंमत चूक. हेच पुस्तक ७० टक्क्यांच्या अटीवर १५० रुपयांना लावा. कर जाऊन १४३ उरतात, त्याचे ७० टक्के शंभर. फाइल पोहोचवण्याचे चार-सहा रुपये कापून, लेखकाचा चौथा हिस्सा देऊन पुन्हा सत्तर-बहात्तर हाती राहतातच. लेखकाला बत्तीसच्या जागी चोवीस मिळतात ही यातली खोट, आणि एकाच दुकानाच्या दावणीला बांधून घ्यावं लागतं ही दुसरी. पण वाचकाला निम्म्या किमतीत पुस्तक मिळतं. मालकांची भीती वेगळीच असते: स्वस्त ई-पुस्तक काढलं तर छापील कोण घेणार? मला ती भीती पटत नाही. बार्शीतले शिक्षक २९९ ला ई-पुस्तक घेत नाहीत आणि ३२० ला छापीलही घेत नाहीत. ते वाचनालयात नंबर लावतात. आम्हाला दोन्हीकडून शून्य.

शिवाय ३२० तरी कोण देतं? प्रदर्शनात वीस टक्के सुटतातच, प्रकाशनपूर्व सवलतीत त्याहून जास्त. म्हणजे २५६ ला छापील प्रत. ती वाचून तुम्ही मेहुण्याला देता, मेहुणा शाळेच्या ग्रंथालयाला देतो. तेव्हा २९९ चं ई-पुस्तक प्रत्यक्षात छापील पुस्तकापेक्षा महागच पडतं. तुमचा राग रास्त आहे.

आम्ही दोघी बहिणी. मी एक ई-पुस्तक घेतलं आणि धाकटीला पाठवायला गेले तर पाठवता येईना. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक माझं नाही का?
– नाशिकरोडहून एक वाचक

नाही. आणि हे दुकानं विकताना कधी मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. बहुतेक ठिकाणी तुम्ही ‘विकत घ्या’चं बटण दाबता आणि मिळतो तो वाचण्याचा परवाना. एसटीच्या पाससारखं आहे ते. हवा तेवढा प्रवास करा, पण गाडी तुमची नाही आणि पास बहिणीला चालत नाही.

ही नुसती कायद्याची काथ्याकूट नाही. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे त्यांचं कारण. पैसे परत केले, पुढे माफी मागून पुस्तक परत देऊही केलं, पण न विचारता नेता येतं हे दिसलं ते दिसलंच. (पुस्तकही नेमकं तेच निघावं, नको त्या नोंदी पुसून टाकणाऱ्या सत्तेवरचं.) मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, जुलैपासून ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे त्यांनीही परत दिले. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीच्या वायरीने यंत्रात टाकायची सोय अ‍ॅमेझॉनने काढून घेतली.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. दोघींनी एकच खातं ठेवा आणि दोघींची यंत्रं किंवा फोन त्याला जोडा. मग कोण काय वाचतंय हे एकमेकींना दिसेल, ते चालत असेल तर. काही प्रकाशक स्वतःच्या संकेतस्थळावर कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकाचा सर्रास चालणारा प्रकार) फाइल विकतात. ती आयुष्यभर आपल्याकडे राहते. मिळत असेल तर मी तिला वीस-पंचवीस रुपये जास्त देईन. कुलूपबंद पुस्तकाला मात्र छापील किमतीच्या निम्म्याहून जास्त द्यायची माझी तयारी नाही, मग ते आमच्या संस्थेचं का असेना. देता येत नाही, विकता येत नाही, वारसाने मिळत नाही. मग तेवढी किंमत कमी झालीच पाहिजे.

मी वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे पुस्तक मागवायचं तर पुस्तकापेक्षा विमानाचं भाडं जास्त. मी ई-पुस्तकाला दहा डॉलर आनंदाने देईन, म्हणजे तुमच्या छापील किमतीच्या दुपटीहून जास्त. तरीही मला हवी असलेली सत्तर-ऐंशीच्या दशकातली पुस्तकं ई-रूपात मिळतच नाहीत. पैसे घ्यायला नको आहेत का प्रकाशकांना?
– एक वाचक, एडिसन

पैसे कुणाला नको असतात हो! अडचण तीन ठिकाणी आहे, आणि तिन्हींशी माझी रोजची गाठ पडते.

पहिली अडचण कराराची. तुम्ही म्हणता त्या काळातल्या करारांत ई-पुस्तकाचा उल्लेखच नाही, कारण ती गोष्टच नव्हती. काही करार तर पोस्टकार्डावरचे आहेत. मग लेखकाच्या वारसांना शोधायचं. एक मुलगा ठाण्यात, एक मुलगी बंगळुरूला, एक नातू परदेशात. त्यातला एक जरी ‘बघू’ म्हणाला की पुस्तक अडलं. आणि ज्या पुस्तकाचं ई-रूप वर्षाला तीस-चाळीस प्रती जाईल त्यासाठी वकिलाकडे जाणं परवडत नाही.

दुसरी अडचण मजकुराची. आमच्याकडे १९९५ ते २०१० या काळातली पुस्तकं आहेत ती पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या फाइलमधलं ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतंच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं ते चित्र. ई-पुस्तकाला युनिकोड लागतं, म्हणजे ‘क’ला संगणक ‘क’ म्हणूनच ओळखतो ती पद्धत. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्यातून रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, पहिली वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं फुटतात. परिच्छेद तुटतात ते वेगळंच. अडीचशे पानांचं पुस्तक म्हणजे अथपासून इतिपर्यंत पुन्हा प्रुफं वाचणं आलं. तुमची सत्तर-ऐंशीतली पुस्तकं तर त्याही आधीची, खिळे जुळवून छापलेली. त्यांची फाइलच नाही. पानं स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची किंवा सरळ नव्याने टाइप करून घ्यायची. आमच्याकडे असं एक पुस्तक ई-रूपात आणायला आठ-दहा हजार लागतात. प्रतीमागे सत्तर रुपये हाती येणार असतील तर सव्वाशे-दीडशे प्रती खपेपर्यंत खर्चच निघत नाही.

तिसरी अडचण उशिराची आहे. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तामिळ, गुजराती आणि मल्याळमच्या सोबत. तोपर्यंत बुकगंगासारख्या आपल्याकडच्या मंडळींनी मराठी ई-पुस्तकं विकायला सुरुवात केलेली होती, पण बहुतेक प्रकाशक कडेला उभे राहून पाहत होते. आजही नव्या पुस्तकाची फाइल युनिकोडमध्ये तयार असते, ती लावणं सोपं, म्हणून नवी पुस्तकं आधी येतात.

तुमच्या दहा डॉलरविषयी एक बाजूची गोष्ट. तुमच्या देशात हा किमतीचा वाद कोर्टापर्यंत गेला होता, ते तुम्हाला आठवत असेल. किंडल २००७ मध्ये आलं तेव्हा अ‍ॅमेझॉन गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला विकत होतं, अनेकदा पदरचे पैसे घालून. प्रकाशकांना धास्ती बसली की वाचकाच्या डोक्यात हाच भाव पक्का होणार. २०१० मध्ये पाच मोठ्या प्रकाशकांनी अ‍ॅपलशी करार केले: किंमत प्रकाशक ठरवणार, दुकान ठराविक कमिशन घेणार. भाव बारा-पंधरा डॉलरवर गेले. सरकारने २०१२ मध्ये संगनमताचा खटला भरला, २०१३ मध्ये न्यायालयाने अ‍ॅपलला दोषी धरलं आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. गंमत म्हणजे त्यानंतर प्रकाशकांनी एकेकट्याने करार करून किंमत ठरवण्याचा हक्क परत मिळवलाच. म्हणून तुमच्याकडे छापील प्रतीवर दुकान सूट देतं आणि ई-पुस्तक पंधरा डॉलरवर घट्ट बसतं, कधीकधी छापीलपेक्षा महाग. तेव्हा बार्शीचे सर एकटे नाहीत, हे त्यांना कळवते.

तोवर तुम्ही एक करा. हवी असलेली चार-पाच पुस्तकं लिहून थेट त्या त्या प्रकाशकाला मेल करा, आणि तुमच्या मराठी मंडळातल्या पंधरा-वीस जणांची ‘आम्ही इतके पैसे देऊ’ अशी सही त्याखाली घ्या. आधी भरलेले पैसे दिसले की आमच्यातले आळशीसुद्धा हलतात. आणि कागदच हवा असेल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम २००९ पासून चालू आहे; पुस्तकांनी भरलेल्या पेट्या वाचकांच्या गटांना देतात. त्या दुबई, नेदरलँड्सपर्यंत गेल्यात. तुमच्या गावी पेटी येईल का, त्यांना विचारून बघा.

सगळी पुस्तकं ग्रुपवर पीडीएफमध्ये फुकट येतात. मग ई-पुस्तकाला पैसे देणारे वेडे का?
– एक विद्यार्थी, लातूर

वेडे नाहीत, त्यांच्यामुळे पुढचं पुस्तक निघतं. ग्रुपवर फिरणारी बहुतेक पीडीएफ चोरीची असतात. कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. पोलीस तुझ्या दारात येतील असं मी म्हणत नाही. तू विद्यार्थी आहेस, खिशात पैसे नाहीत, हे मला कळतं.

पण फुकटच हवं असेल तर सरळ मार्गाचं इतकं आहे की पदवी होईपर्यंत पुरेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांच्या संमतीने मोफत ई-पुस्तकं काढतं. आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. केशवसुत, बालकवी, हरिभाऊ आपटे कधीच मोकळे झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो. म्हणूनच तिच्या इतक्या प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या दिसतात. विकत घ्यायचंच तर त्यातली घे. मात्र प्रुफं बघून घे, काही आवृत्त्यांत भयंकर चुका आहेत.

वय ७६. मोतीबिंदू झाला, आता छापील अक्षर जड जातं. मुलगा म्हणतो, बाबा, यंत्र घ्या, पुस्तकं स्वस्त पडतील. खरंच पडतील का?
– रत्नागिरीहून एक निवृत्त कारकून

काका, स्वस्त पडतील म्हणून घेऊ नका. ई-इंकचं, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं, चांगलं यंत्र बारा-पंधरा हजारांच्या घरात जातं. पुस्तकामागे दीडशे रुपये वाचले असं धरलं तरी ऐंशी ते शंभर पुस्तकं वाचून झाल्यावर पैसे वसूल. तुम्ही महिन्याला दोन वाचत असाल तर चार वर्षं.

पण अक्षरासाठी घ्यायचं असेल तर मी एका पायावर हो म्हणेन. मराठीत मोठ्या टाइपातली पुस्तकं काढण्याचा उत्साह आम्हा प्रकाशकांना कधी आला नाही. पानं वाढतात, किंमत वाढते, खपत नाही. ई-पुस्तकात कुठलंही पुस्तक मोठ्या टाइपाचं होतं. माझ्या ओळखीत छापील किमतीइतके पैसे ई-पुस्तकाला कुरकुर न करता देणारे बहुतेक तुमच्या वयाचे आहेत.

यंत्र घेण्याआधी दोन गोष्टी करा. मुलाच्या टॅबवर वाचनाचं अ‍ॅप टाकून घ्या, ते फुकट असतं, आणि एखाद्या पुस्तकाचा नमुना उतरवून तासभर वाचून बघा. टॅबच्या उजेडाने डोळे दुखले तर मग ई-इंकचा विचार. दुसरं, पुस्तक घेताना ते पीडीएफ आहे का, हे विचारा. पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने पान इकडून तिकडे सरकवावं लागतं. ईपब किंवा किंडलचं असेल तर ओळ आपोआप आत वळते. पीडीएफला ई-पुस्तक म्हणून पैसे घेणाऱ्यांना निदान तुमच्या वयाच्या वाचकाने तरी एक रुपया देऊ नये.

आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत खालचं, गाव-वाचनालय. पूर्वी पानाला रुपया धरून अंदाज बांधायचो, आता दीड रुपया धरला तरी कमी पडतो. वर टपाल. ई-पुस्तकं घेतली तर भागेल का?
– ग्रंथपाल, देगलूर तालुका

भागणार नाही, कारण किंडलचं किंवा तसल्या दुकानाचं पुस्तक एका खात्याला दिलेलं असतं. ते सभासदांना फिरवता येत नाही. आणि वर्षाच्या तपासणीत दाखल नोंदवहीत काय दाखवणार?

पानाचा भाव चढण्यामागे कागदच आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त, म्हणून कागदावर भरलेला कर आम्हाला कुठे वळता करून घेता येत नाही. तो छापील किमतीत जातो, म्हणजे तुमच्याकडे येतो.

टपालाचं मात्र थोडं बरं झालंय. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हा आमच्यासकट सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: सुरुवातीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. एकेक पुस्तक मागवू नका. शेजारच्या दोन-तीन वाचनालयांसोबत यादी करून पाच किलोचं पाकीट मागवा. पंधरा-सोळा पुस्तकं बसतात, टपाल पुस्तकामागे सात-आठ रुपयांवर येतं. आणि प्रकाशकाकडून थेट घेत असाल तर विक्रेत्याचं कमिशन तुम्ही मागा. संकोच करू नका. आम्ही तीस टक्के देतो, घासाघीस केली तर पस्तीस.

माझा कवितासंग्रह तयार आहे. छापायचा खर्च नको म्हणून फक्त ई-पुस्तक काढतेय. किंमत किती ठेवू? मैत्रीण म्हणते १९९, नवरा म्हणतो फुकट वाट.
– एक कवयित्री, म्हापसा

दोघांचंही ऐकू नका. १९९ ला अनोळखी कवीचा संग्रह पडद्यावर वाचायला कुणी घेणार नाही; कवितेचा वाचक आधीच मोजका, तो त्या पैशात जुन्या बाजारातून दोन संग्रह आणेल. फुकट वाटलं तर शेकडो लोक उतरवून घेतील आणि उघडणार नाहीत. मी ६० ते ८० च्या मध्ये ठेवीन. ओळखीचे लोक तेवढे लाजेखातर देतात आणि अनोळखी उत्सुकतेपोटी.

एक मेख सांगते, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. ई-पुस्तकावर जीएसटी २०१७ मध्ये १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ वर आणला, पण व्याख्या अशी केली की ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’. जे कधी छापलंच नाही ते त्या सवलतीत बसत नाही. ब्रिटनने १ मे २०२० पासून ई-पुस्तकावरचा कर छापीलसारखा शून्य केला. आपल्याकडे अजून कागद लागला आहे की नाही हे बघतात. तेव्हा मागणीनुसार छपाई करणाऱ्याकडून निदान पन्नास प्रती काढून घ्या. ऐंशी पानांच्या संग्रहाला फार खर्च येत नाही. तुमचं ई-पुस्तक मग खरोखर छापील पुस्तकाची आवृत्ती ठरेल, आणि प्रकाशनाच्या दिवशी हातात द्यायला काहीतरी असेल. छापील प्रतीला १२० ठेवा, त्या पन्नास तुमच्या गोतावळ्यातच संपतील.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्यायचा तर दोन्हींना वेगळा लागतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो मोफत मिळतो, त्यासाठी कुणी एजंट दोन हजार मागत असेल तर देऊ नका. अर्ज छपाईच्या बराच आधी करा, कारण वेळ लागतो. आणि मुखपृष्ठावर सूर्यास्त नको. फोनवर ते चित्र नखाएवढं दिसतं, त्यात सूर्य कुठला आणि टिकली कुठली, कळत नाही.